आत राहिलेली किल्ली: पाच दारं, सहा वर्षं

दुपारी पावणेदोनच्या सुमारास मी माझ्याच घराच्या दारात माझीच किल्ली घेऊन उभी होते आणि ती किल्ली आत जात नव्हती. अर्ध्याच्या जरा पुढे जायची आणि अडायची. आत आई होती, गोळी घेऊन, कानातलं मशीन काढून झोपलेली. बेल दाबून दाबून बोट दुखलं. तिच्या उशाशी ठेवलेला फोन मला बाहेर ऐकू येत होता, तिला मात्र नाही. चाळीस मिनिटांनी ती आपसूक उठली, दार उघडलं आणि म्हणाली, "अगं, बेल तरी वाजवायचीस."

झालं होतं इतकंच, की तिने आतून लॉक लावलं आणि किल्ली तशीच भोकात राहू दिली. लॉक बसवून जेमतेम दोन आठवडे झाले होते. सहा पिनांचा सिलिंडर, अंगावर बारीक खड्डे असलेली चपटी किल्ली, ड्रिल अडवायला आत कडक पोलादाच्या पिना. येईल त्याला मी कौतुकाने दाखवत होते. कुणालाही सहजासहजी उघडता येणार नाही, असं खोक्यावर लिहिलं होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

ही गोष्ट सहा वर्षांपूर्वीची. मी फिजिओथेरपिस्ट आहे, दोन खोल्यांचा दवाखाना चालवते. तेव्हा घर आणि दवाखाना एकाच महिन्यात बदलला आणि पाच दारांची लॉक एकदम निवडावी लागली. काही निवडी बरोबर निघाल्या, काही साफ चुकल्या, एक तर वर्षभरात काढून टाकली. हे त्याच लॉकबद्दल. कंपन्यांची नावं घेत नाही, कारण एकाच कंपनीचं एक लॉक उत्तम आणि दुसरं टाकाऊ असं मी स्वतः पाहिलंय; लॉकचा प्रकार आणि बसवणी यांनी जास्त फरक पडतो. सगळी साधी, यांत्रिक लॉक आहेत. बॅटरी बदलायच्या तारखा लक्षात ठेवणं माझ्याच्याने होत नाही.

आणखी एक. आपण बोलताना कुलूप म्हणतो ते लोंबतं, दारात बसतं ते लॉक, आणि दार ओढलं की आपोआप लागतं ते लॅच. इथे विषय दारात बसणाऱ्यांचा आहे.

घराच्या मुख्य दाराला मॉर्टिस लॉक आहे. दाराच्या जाडीत खाच घेऊन आत एक पेटी बसते, तिच्यात हँडलची जीभ आणि किल्लीचा बोल्ट असतो, आणि किल्ली जिथे जाते तो सिलिंडर वेगळा सरकवलेला असतो. या रचनेचा मोठा गुण मला आईच्या त्या झोपेमुळे कळला. लॉक तेच ठेवून नुसता सिलिंडर बदलता येतो. दाराच्या कडेला एक लांब स्क्रू असतो. तो काढायचा, किल्ली घालून किंचित फिरवायची, म्हणजे मधला दात सिलिंडरच्या अंगाबरोबर येतो आणि सिलिंडर हातात येतो. पंधरा मिनिटांचं काम, सुताराची गरज नाही.

किल्ली का अडली, तेही तेव्हाच समजलं. या सिलिंडरच्या मध्ये बोल्ट हलवणारा एकच दात असतो. ज्या बाजूची किल्ली पूर्ण आत जाते, ती बाजू त्या दाताला धरते. आतल्या किल्लीने धरून ठेवलं की बाहेरच्या किल्लीला शेवटचे काही मिलिमीटर जायला जागाच उरत नाही. यावर दोन उपाय आहेत. एक, दुहेरी क्लचचा सिलिंडर, ज्यात आत किल्ली असली तरी बाहेरची चालते. दुसरा, आत किल्लीऐवजी फिरकी असलेला सिलिंडर. मी फिरकी घेतली. आईला किल्ली शोधायला नको, आणि रात्री अंधारात घाईने बाहेर पडायची वेळ आली तर हात आपोआप फिरकीवर जातो. दाराला काच असेल किंवा पत्रं टाकायची फट असेल, तर फिरकी घेऊ नका; काच फोडून आत हात घातला की संपलं. माझं दार अखंड आहे.

पण हा दुसरा सिलिंडर आणताना मी नवीन चूक केली. जुना मोजला, 70 मिलिमीटर भरला, म्हणून 35/35 आणला. हे माप मधल्या स्क्रूच्या भोकापासून दोन्ही टोकांपर्यंत वेगवेगळं घ्यायचं असतं, हे मला माहीत नव्हतं. माझ्या दारात पेटी बरोबर मधोमध नाही. मला 30/40 हवा होता. परिणाम असा की बाहेर सिलिंडर पाच मिलिमीटर डोकावू लागला आणि आत फिरकी तेवढीच आत गेली. फिरकी आत गेल्याने आईची बोटं घासायची, त्याची तक्रार रोज ऐकली. बाहेर डोकावण्याची तक्रार कुणी केली नाही, पण खरा धोका तोच होता. या घाटाच्या सिलिंडरचं सगळ्यात कमजोर ठिकाण म्हणजे ते स्क्रूचं भोक, कारण तिथे धातू अगदी थोडा उरतो. बाहेर आलेलं टोक पकडीत धरून हिसका दिला की सिलिंडर तिथेच मोडतो, मग आतला दात साध्या स्क्रूड्रायव्हरने फिरतो. पिना सहा असोत की सोळा, त्यांच्यापर्यंत कुणी जातच नाही. म्हणून सिलिंडर बाहेरच्या पट्टीच्या पुढे तीन मिलिमीटरपेक्षा जास्त येता कामा नये. काही सिलिंडरना पुढच्या भागात मुद्दाम एक खाच दिलेली असते. हिसका बसला तर पुढचा तुकडा तुटतो आणि मागचं लॉक शाबूत राहतं. तिसऱ्या खेपेला मी तसा घेतला, 30/40.

उरलेला 35/35 भाच्याने उघडला. वर्तमानपत्र पसरून बसलो होतो, तरी एक स्प्रिंग सोफ्याखाली गेली ती गेलीच. आत पाहण्यासारखं होतं. प्रत्येक भोकात दोन पिना, एकीवर एक, आणि वर स्प्रिंग. खालच्या पिना वेगवेगळ्या उंचीच्या. बरोबर किल्ली गेली की सगळ्या जोड्यांमधली फट एकाच रेषेत येते आणि आतला गाभा फिरतो. एक पिन जरी केसभर वर-खाली राहिली तरी गाभा अडतो. वरच्या पिनांपैकी तीन रिळासारख्या, मध्ये बारीक आणि टोकांना जाड होत्या. तारेने चाचपणाऱ्याला पिन बसल्याचा भास व्हावा आणि प्रत्यक्षात ती अडकावी, यासाठी तो घाट. पिनांनी अडवायची मूळ कल्पना प्राचीन इजिप्तच्या लाकडी कुलपांतही होती. लिनस येल या अमेरिकन कारागिराने 1861 आणि 1865 च्या पेटंटांत तिला छोट्या चपट्या किल्लीचं आजचं रूप दिलं. भाच्याने विचारलं, "मग हे तारेने उघडतं का?" उघडतं, ज्याला येतं त्याला, वेळ दिला तर.

त्या वेळेचीही एक नामी गोष्ट आहे. लंडनमध्ये जोसेफ ब्रामा या कुलूप बनवणाऱ्याच्या दुकानाच्या काचेत एक कुलूप कित्येक दशकं मांडलेलं होतं. किल्लीशिवाय उघडून दाखवा आणि 200 गिनी घ्या, असं आव्हान. 1851 च्या मोठ्या प्रदर्शनासाठी आलेल्या आल्फ्रेड हॉब्ज नावाच्या अमेरिकन माणसाने ते उघडलं. सोळा दिवसांत मिळून त्याला 51 तास लागले. त्यावरून तेव्हा फार गहजब झाला. मला मात्र वाचल्यावर पहिला विचार आला तो असा, की माझ्या दारात 51 तास उभा राहणारा चोर आमच्या शेजाऱ्यांच्या नजरेतून सुटणार नाही. आणि त्याला एवढे तास लागणारही नव्हते. चौकटीवरची जी पट्टी बोल्टला धरून ठेवते, ती माझ्या दारात दोन स्क्रूंवर होती आणि ते स्क्रू माझ्या करंगळीच्या अर्ध्या लांबीचे होते. नीट लाथ बसली असती तर पट्टी, स्क्रू आणि चौकटीचा टवका एकदम आत आले असते, आणि लॉक मात्र अभिमानाने बंदच राहिलं असतं.

हे दाखवलं सुतारकाकांनी. ते बिजागरीचं काम करायला आले होते. त्यांनी पट्टीचे दोन्ही स्क्रू काढून माझ्या तळहातावर ठेवले, काही बोलले नाहीत. मग चार भोकांची जाड पट्टी आणि 75 मिलिमीटरचे स्क्रू बसवले, जे चौकट ओलांडून मागच्या भिंतीच्या आधारात जातात. सगळ्या खरेदीत मला सगळ्यात पटलेली वस्तू हीच, आणि तिच्या खोक्यावर एकही विशेषण नव्हतं.

बिजागरीचं काम निघालं त्यामागेही लॉकच होतं. लॉक घेतल्यानंतर तिसऱ्या महिन्यात किल्ली फिरवताना दार खांद्याने दाबावं लागायला लागलं. लॉक खराब निघालं, परत करू, असं मी ठरवलं होतं. काकांनी लिपस्टिक मागितली. बोल्टच्या टोकाला लावली, दार बंद केलं, किल्ली फिरवली, दार उघडलं. पट्टीच्या भोकाच्या खालच्या काठावर लाल डाग. दार दोन मिलिमीटर खाली बसलं होतं, वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल झाले होते. आणखी वाईट म्हणजे पट्टीमागचं भोक पुरेसं खोल कोरलेलंच नव्हतं. बोल्टची झेप 20 मिलिमीटरची, पण तो 12 वर थांबत होता. पूर्ण न निघालेला बोल्ट मागे ढकलला जाऊ शकतो. तेव्हा तुमचं लॉक जड चालत असेल, तर ते परत करण्याआधी ही लिपस्टिकची परीक्षा घ्या. खडूही चालतो, पण तो पुसट उमटतो.

आता मुख्य दाराबद्दल माझी तक्रार नाही. लॉकला मी दहापैकी आठ देईन, आणि माझ्या पहिल्या बसवणीला तीन.

मागच्या दाराला आधीपासूनच आतल्या बाजूने स्क्रूने ठोकलेलं लॅच होतं. बसवायला सोपं, दारात खाच घ्यावी लागत नाही, एवढेच त्याचे गुण. वाऱ्याने दार आपटलं की मी बाहेर. दोनदा झालं, तिसऱ्यांदा होऊ दिलं नाही. काढून तिथे साधा किल्लीचा बोल्ट बसवला. आईच्या न्हाणीघराला आतून फिरकी आणि बाहेर एक चीर असलेलं लॉक आहे. ती आत पडली, तर नाण्याने बाहेरून उघडता येतं. घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर यापेक्षा वेगळं काही बघूच नका.

दवाखान्याचा प्रश्न मुळातच निराळा आहे. घरात दोन माणसं आणि तीन किल्ल्या. दवाखान्यात रोज साधारण चाळीस माणसं, शिवाय आम्ही चौघं. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांचे हात तरी दुखरे असतात किंवा खांदे जखडलेले असतात. आधीच्या जागेत गोल मुठीचं हँडल होतं. संधिवाताने बोटं वाकलेल्या आजी दोन्ही तळव्यांत ती मूठ धरून फिरवायच्या आणि न जमल्यावर दारावर कोपराने थापा मारायच्या. नव्या जागी मी पहिली अट तीच घातली: आडवं हँडल, कोपरानेही खाली दाबता येईल असं, आणि टोकाला दाराकडे वळलेलं, म्हणजे त्यात कुणाची बाही अडकत नाही. सुरक्षिततेचा याच्याशी काही संबंध नाही. पण ज्याच्यासाठी दार आहे त्याला ते उघडता आलं पाहिजे.

मग टिकाऊपणा. मी हिशोब केला. दिवसाला साधारण 120 वेळा हँडल दाबलं जातं, वर्षाचे 300 दिवस, म्हणजे 36,000 वेळा. अमेरिकी मानकांत दारात भोक पाडून बसवायच्या हँडल-लॉकच्या तीन श्रेणी आहेत: तिसऱ्या श्रेणीचं चाचणीत 2,00,000 वेळा चालावं लागतं, दुसरीचं 4,00,000, पहिलीचं 10,00,000. म्हणजे तिसरी श्रेणी माझ्याकडे साडेपाच वर्षांत चाचणीच्या आकड्याला पोहोचली असती. घरात तेच लॉक बरीच वर्षं निघालं असतं. मी दवाखान्याला पहिली श्रेणी घेतली आणि घरातल्या आतल्या खोल्यांना तिसरी. सहा वर्षांनंतर दवाखान्याचं हँडल अजून सरळ आहे, लोंबत नाही. स्प्रिंग कमजोर झाली की हँडल आधी लोंबायला लागतं, ती पहिली खूण.

युरोपीय मानकाचा, ईएन 1303 चा, सिलिंडर असेल तर त्याला आठ आकड्यांचा संकेतांक असतो. दुसरा आकडा टिकाऊपणाचा: 4 म्हणजे 25,000 वेळा, 5 म्हणजे 50,000, 6 म्हणजे 1,00,000. शेवटचे दोन आकडे किल्लीच्या आणि तोडफोडीच्या सुरक्षिततेचे. खोक्यावर नुसतंच "हाय सिक्युरिटी" लिहिलेलं असेल आणि कुठलाच आकडा नसेल, तर मी ते खोकं खाली ठेवते. गंमत अशी, की दवाखान्यात सिलिंडर फारसा झिजतच नाही. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. झिजतं ते हँडल आणि जीभ. घरी उलट, किल्ली सतत आत-बाहेर. हा फरक मला खरेदीच्या वेळी कळला असता तर दवाखान्याच्या सिलिंडरवर एवढा जीव टाकला नसता.

त्या हँडल-लॉकमध्ये आठ महिने एक भगदाड होतं आणि मला पत्ता नव्हता. एके दिवशी मी किल्ली घरी विसरले. माझी सहायक म्हणाली, "थांबा मॅडम," आणि पर्समधलं प्लास्टिकचं कार्ड दाराच्या फटीत सरकवून तिने दार उघडलं. मी तिच्याकडे बघतच राहिले. तिरक्या जिभेच्या शेजारी एक बारीक खुंटी असते. दार बंद झालं की ती पट्टीवर दाबून राहायला हवी. ती दाबलेली असेपर्यंत जीभ मागे ढकलता येत नाही. आमच्या पट्टीचं भोक गरजेपेक्षा मोठं कापलं होतं, त्यामुळे जीभ आणि खुंटी दोघी त्यात पडत होत्या आणि खुंटीचा उपयोग शून्य. पट्टी बदलली, पाच मिनिटांत प्रश्न मिटला. तुमच्या ऑफिसच्या दाराशी आज जा आणि बघा. बसवणाऱ्यांच्या हातून हे सर्रास राहतं.

दवाखान्याच्या आत रुग्णांच्या फायली आणि उपकरणं ठेवायची एक खोली आहे. तिला मी आधी ऑफिसचं म्हणतात तसं लॉक लावलं होतं: आतून बटण दाबलं तर बाहेरून बंद, नाहीतर उघडं. ते कायम उघडंच असायचं. मग स्टोअररूमचं लॉक आणलं. त्यात बाहेरचं हँडल नेहमीच बंद, दर वेळी किल्ली लागते, आतून मात्र नुसतं दाबलं की उघडतं. दिसायला दोन्ही लॉक सारखी. हा फरक खोक्यावर एका ओळीत असतो आणि लोक रंग बघून घेतात. मीही तसंच घेतलं होतं.

किल्ल्यांचं सांगते. पहिल्या चार वर्षांत मी त्या खोलीच्या सहा किल्ल्या दिल्या आणि चार परत आल्या. सोडून गेलेली माणसं वाईट नव्हती. एकीची हरवली, दुसरीने पाठवते म्हणून सांगितलं आणि राहिलं. किल्लीवर "नक्कल करू नये" असं कोरलेलं असलं तरी किल्ली कापणाऱ्याच्या यंत्राला वाचता येत नाही. खरी अडवणूक होते ती राखीव घाटाच्या किल्लीने. तिची कोरी पट्टी खुल्या बाजारात मिळत नाही आणि नक्कल हवी तर लॉकबरोबर मिळालेलं कार्ड दाखवावं लागतं. तीही पेटंट आहे तोवरच. ते साधारण वीस वर्षांचं असतं, म्हणून घेताना पेटंट किती उरलंय ते विचारावं. मी तसा सिलिंडर घेतला नाही, कारण नक्कल हवी असताना आठवडा वाट बघण्याची माझी तयारी नव्हती. दर वेळी माणूस गेलं की कुलूपवाले काका येऊन पिनांची मांडणी बदलून जातात आणि नव्या किल्ल्या देतात. सिलिंडर तोच राहतो.

त्याच काकांना मी म्हटलं होतं, सगळ्या दारांना चालेल अशी एक मास्टर किल्ली करून द्या. ते म्हणाले, "देतो ताई, पण फायलींची खोली त्यातून वगळा." त्याचं कारण मला नंतर उमगलं. मास्टर किल्लीसाठी पिनांच्या जोडीत एक पातळ चकती जास्त घालतात, म्हणजे एका भोकात दोन उंचींवर फट जुळते. एक उंची साध्या किल्लीची, दुसरी मास्टरची. जास्त भोकांत चकत्या, तेवढ्या अशा किल्ल्या वाढतात ज्या चालू नयेत पण चालतात. मॅट ब्लेझ या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात आणखी पुढचं दाखवलं: ज्याच्याकडे एका दाराची साधी किल्ली आहे, ते दार हाताशी आहे आणि थोड्या कोऱ्या किल्ल्या आहेत, तो एकेक खाच बदलून बघत मास्टर किल्ली शोधून काढू शकतो, लॉक सुटं न करता. म्हणजे मोठ्या इमारतीत एका खोलीची किल्ली मिळालेला माणूस सगळ्या इमारतीचा मालक. मी मास्टर केलीच नाही. पुढचं आणि मधलं दार एकाच किल्लीने उघडतं, फायलींची खोली वेगळी.

त्या खोलीला गेल्या दोन वर्षांपासून बटणांचं यांत्रिक लॉक आहे. किल्ली नाही, बॅटरी नाही, आकडे दाबा आणि मूठ फिरवा. हातात टॉवेल, बर्फाची पिशवी असताना किल्ली शोधायला लागत नाही, यासाठी मी त्याला मनापासून दुवा देते. माणूस गेलं की नुसता कोड बदलायचा. पण दोन गोष्टी घेण्याआधी माहीत हव्यात. या प्रकारच्या बऱ्याच लॉकमध्ये आकड्यांचा क्रम महत्त्वाचा नसतो. 1, 4, 7, 9 हा कोड 9, 7, 4, 1 असाही चालतो. त्यामुळे एकूण शक्यता वाटतात त्यापेक्षा खूपच कमी. आणि वर्षभरात नेमकी तीच चार बटणं घासून चकचकीत होतात. आमच्याकडे एका रुग्णाच्या आठ वर्षांच्या नातवाने लांबून बघून चारही आकडे सांगितले होते. दर तीन महिन्यांनी कोड बदलला की सगळी बटणं एकसारखी झिजतात.

दुसरी गोष्ट म्हणजे कोड बदलणं. लॉक दारावरून उतरवायचं, मागचं झाकण काढायचं, आणि रंगावरून ओळखू येणाऱ्या बारीक पट्ट्या चिमट्याने काढून नव्या जागी लावायच्या. पहिल्या वेळी मी एक पट्टी उलटी बसवली, लॉक दारावर चढवलं, दार ओढून घेतलं आणि मग कोड लावून बघितला. त्या दिवशीचे सगळे रुग्ण फायलीशिवाय तपासले. फायलींच्या खोलीला हे लॉक मला चालतं. रस्त्यावरच्या दाराला एकटं हेच लॉक मी कधीच लावणार नाही.

तेलाबद्दल थोडक्यात. पुढच्या दाराचा सिलिंडर जड झाला म्हणून मी शिवणयंत्राचं तेल सोडलं. आठवडाभर लोण्यासारखा चालला, मग तेलाला धूळ चिकटून आत चिखल झाला आणि किल्ली बाहेर येईना. सिलिंडरला कोरडी ग्रॅफाइटची पूड घालावी. हाताशी नसेल तर किल्लीवर मऊ पेन्सिल घासून ती चार-सहा वेळा आत-बाहेर करावी. आधी तेल गेलेलं असेल तर ते धुऊन काढल्याशिवाय ग्रॅफाइट घालू नये, दोन्ही मिळून आणखी वाईट होतं.

आता दवाखान्याचं मागचं दार. जागेच्या मालकांचा आग्रह होता की त्याला दोन्ही बाजूंनी किल्लीचं लॉक लावा, किल्ली तुमच्या टेबलाच्या खणात ठेवा, म्हणजे मागून कुणी निसटणार नाही. त्यांचं चुकत नव्हतं. मागच्या दारातून पूर्वीच्या भाडेकरूचं सामान गेलं होतं. मी नकार दिला. माझ्या टेबलांवर कमरेला पट्टा बांधून ताण दिलेली माणसं झोपलेली असतात. धूर झाला तर त्यांना सोडवू, की खणातली किल्ली शोधू? 1903 मध्ये शिकागोच्या इरॉक्वॉय नाट्यगृहाला आग लागली तेव्हा सहाशेहून जास्त माणसं गेली. तिथल्या बाहेर पडायच्या काही दारांना कुलपं होती, काहींच्या खिट्ट्या कशा उघडायच्या ते प्रेक्षकांना कळेना. त्या खेळाला जाणार असलेला पण कामामुळे न गेलेला कार्ल प्रिन्झलर हा लोखंडी सामानाचा विक्रेता होता. त्याच्या प्रयत्नातून नुसत्या अंगाच्या रेट्याने उघडणारी आडवी दांडी तयार झाली आणि 1908 मध्ये बाजारात आली.

तीच दांडी माझ्या मागच्या दाराला आहे. बाहेरून हँडल नाही, किल्लीचं भोकही नाही, नुसता सपाट पत्रा. चोराला धरायला काही नाही. आतून ढकललं की उघडतं. घेताना एवढंच तपासा: युरोपीय मानकांत ईएन 1125 ची दांडी लोकांची ये-जा असलेल्या जागेसाठी असते, ईएन 179 चं हँडल जागा ओळखीची असलेल्या कर्मचाऱ्यांसाठी. तुमच्याकडे अग्निशमनाचे नियम काय मागतात ते आधी विचारून घ्या, कारण मागाहून बदलायचं तर दाराला नवी भोकं पडतात. मालकांच्या समाधानासाठी मी दांडीला दार उघडताच वाजणारी घंटा लावली, तारेवर लोंबणारी, साधी पितळेची.

गेल्या महिन्यात एका रुग्णाने चुकून तिकडून बाहेर जायचा प्रयत्न केला. फ्रोजन शोल्डर, उजवा हात छातीशी धरलेला. त्याने कमरेने दांडी ढकलली, दार उघडलं, घंटा वाजली आणि तो दचकून उभा राहिला. मी आतून ओरडले, "पुढचं दार, काका, पुढचं!"